आनंद जेवणाआधी की नंतर?

श्यामराव मेहेंदळ्यांना एकही गोळी चालू नव्हती. ही गोष्ट माहीत नाही असा माणूस कर्वेनगरातल्या नवचैतन्य सोसायटीत उरला नव्हता. टँकरवाल्यालासुद्धा ती ठाऊक होती.

सोसायटीच्या फाटकाशी बहाव्याच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे. सकाळी फिरून आलेली निवृत्त मंडळी तिथे टेकतात आणि गोळ्यांवर बोलतात. तुम्हाला वाटेल राजकारणावर बोलत असतील. छे! राजकारण कुणालाही येतं. गोळ्यांना अनुभव लागतो. कर्णिकांना रक्तदाबाच्या दोन, सेक्रेटरी शिंत्र्यांना साखरेची एक आणि थायरॉईडची अर्धी. कुणाची उपाशीपोटी, कुणाची घशाखाली घास उतरल्यावर. ही चर्चा रंगात आली की बाकाच्या कडेला बसलेले श्यामराव घसा खाकरत आणि म्हणत, "आपल्याला यातलं काही कळत नाही बुवा. सदुसष्ट पूर्ण झाली, अजून एक गोळी नाही."

मग बाकावर शांतता पसरे. ती आदराची आहे, अशी श्यामरावांची समजूत होती. आता तुम्हीच सांगा, असल्या वाक्यावर माणसानं बोलायचं तरी काय?

थोड्या वेळानं बाल्कन्यांमधून हाका सुरू होत. "अहो, गोळी!" की कर्णिक उठले. "अहो, गोळी राहिलीय!" की शिंत्रे उठले. एकेक करत बाक रिकामा होई आणि श्यामराव तिथे एकटे, विजयी मुद्रेनं बसून राहत. बोलायला कुणी नसे, हा भाग वेगळा.

तर अशा या माणसाला मे महिन्याच्या सुरुवातीला, आंबा ऐन भरात आलेला, पंखा गरम वारा फेकतोय आणि विजेच्या बिलाच्या भीतीनं एसी फक्त पाहुण्यांपुरता, अशा दिवसांत चक्कर आली. फार नाही, भाजीच्या पिशवीसकट जिन्याच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं, इतकीच. बायकोनं, वासंतीबाईंनी, त्यांना डॉक्टर भाग्यश्रीकडे नेलं. ही मुलगी याच सोसायटीत लहानाची मोठी झालेली. तिनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"काका, बीपी वर आहे. लगेच गोळी नको म्हणत असाल तर तीन आठवडे देते. मीठ कमी करा. पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण बंद. रोज हालचाल. आणि आनंदी राहा. तरी उतरलं नाही, तर मात्र गोळी. मग कुरकुर चालणार नाही."

श्यामरावांचं आयुष्य सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून गेलं होतं. मोघम आदेश त्यांना सहन होत नसे.

"आनंदी राहा म्हणजे नेमकं काय करायचं? दिवसातून किती वेळा? आणि आनंद जेवणाआधी घ्यायचा की नंतर?"

"काका, हे तुम्हीच ठरवायचं."

"म्हणजे औषध लिहून द्यायचं आणि मात्रा रोग्यानं ठरवायची," श्यामराव रस्त्यात म्हणाले. "काय शिकवतात हल्ली कोण जाणे."

"आनंदच शोधायचाय ना," वासंतीबाई म्हणाल्या, "मग घरी गेल्यावर गवार निवडायला बसा. त्यात सापडतो का बघा."

चेष्टा सोडा, पण श्यामराव मनातून हबकले होते. गोळीला ते भीत नव्हते, बाकाला भीत होते. इतकी वर्षं ज्या तोंडानं 'एक गोळी नाही' म्हटलं, त्याच तोंडात ती टाकायची आणि वर बाल्कनीतून हाक येणार. कर्णिकांचा चेहरा कसा खुलेल, हे त्यांना डोळे मिटले तरी दिसू लागलं. तेव्हा या तीन आठवड्यांत आनंद मिळवायचाच, आणि तोही कुणाला कारण न कळता, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी जाहीर केलं, "उन्हाळ्यानं सगळे कोमेजलेत. सोसायटीच्या आरोग्यासाठी मी गच्चीवर हास्यक्लब काढतोय."

"कशाला हसायचं?" कर्णिकांनी विचारलं.

"कशाला नाही. कारण नसताना हसायचं, हेच त्याचं तंत्र आहे."

"कारण नसताना मी घरी हसलो, तर सूनबाई मुलाला ऑफिसातून बोलावून घेईल."

गच्चीसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. शिंत्रे बाकावर शेजारीच बसलेले होते, पण त्यांनी सांगितलं की असं तोंडी चालत नाही, अर्ज द्या. श्यामरावांना खरं तर बरंच वाटलं, कितीतरी दिवसांनी कुणी त्यांच्याकडे अर्ज मागितला होता. तो त्यांनी दोन पानी लिहिला. शिंत्र्यांनी तो आठवडाभर ठेवून घेतला, कारण लगेच उत्तर दिलं तर सेक्रेटरीला काम नाही असं लोकांना वाटतं. मग उत्तर आलं. दिवसभर गच्ची बायकांच्या वाळवणाची, संध्याकाळ ते गोळा करण्याची. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या. ही वहिवाट मोडली तर सेक्रेटरीला घरात जेवण मिळणार नाही. सबब हसायचं ते सूर्योदयापूर्वी हसावं. शिवाय वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची हरकत नसावी.

वरच्या मजल्यावर उत्तरेश्वर राहत होता. मूळचा बार्शीकडचा, आता आयटीत. त्यानं दार उघडलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि तो दात घासत होता.

"काका, माझं यूएसचं टायमिंग आहे. पहाटे चारला झोपतो मी. तेव्हा डोक्यावर तुम्ही हा हा हा केलंत तर संपलोच ना."

"अरे, पण आरोग्यासाठी—"

"नको म्हणत नाही काका. हसा की. फक्त म्यूटवर हसा."

अशा रीतीनं सूर्योदयापूर्वी, अंधारात आणि आवाज न करता हसण्याची लेखी परवानगी श्यामरावांना मिळाली. पुण्यात यापेक्षा जास्त आनंदाला परवानगी मिळाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

ठरल्या पहाटे सहा जण आले. लिफ्ट दुरुस्तीला असल्यानं पाच मजले चढूनच सगळ्यांचं अर्धं आरोग्य खर्ची पडलं होतं. अंधार होता, नुसत्या आकृत्या दिसत होत्या. श्यामरावांनी हात वर करायला लावले, तोंडं उघडायला लावली आणि कुजबुजत आज्ञा केली, "हसा!" मंडळी तोंड उघडून उभी राहिली. कुणी हसेना. शिंत्रे तर जांभई देत होते, तोंड उघडंच होतं म्हणून.

श्यामरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून ठेवला होता. आडवं पडून, डोळे मिटून, पोट हलवलं की हसू आपोआप फुटतं म्हणे. आता आडवं पडायचं कुठे? तर गच्चीच्या मधोमध प्लॅस्टिकचा भलामोठा कागद अंथरलेला दिसला. वॉचमनला त्यांनी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "जरा काही अंथरायचं बघ." शहाणा माणूस, सांगितलेलं ऐकतो, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळ्यांना त्याच्यावर झोपवलं आणि स्वतः मधली जागा घेतली.

"वा!" कर्णिक कुजबुजले. "खाली कोमट लागतंय. उत्तम सोय."

"गच्ची दिवसभर तापते ना," श्यामरावांनी शास्त्र सांगितलं. "पाठीला चांगलं असतं."

"जरा बुळबुळीत आहे हो पण."

"डोळे मिटा. पोट हलवा. आवाज नको."

झालं होतं असं, की उत्तरेश्वरची आई, वेणूबाई, उन्हाळ्यापुरती बार्शीहून आली होती. दिवस चढायच्या आत साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या म्हणून ती पहाटेच गच्चीवर आली होती. शिजवलेला साबुदाणा पळीपळीनं त्या कागदावर ओतून, पसरून, ती दुसरं पातेलं आणायला खाली गेली होती. ओली पापडी काचेसारखी असते, अंधारात दिसत नाही. ती पातेलं घेऊन वर आली आणि मोबाइलचा उजेड समोर धरला, तर सात बाप्ये ओळीनं उताणे पडलेले, डोळे मिटलेले, तोंडं उघडी, आणि अंग गदागदा हलतंय, आवाज नाही!

"आवं बया! समदी चालली की वो!"

त्या किंकाळीनं उत्तरेश्वर उठला, खालचा मजला उठला, समोरच्या सोसायटीतले दिवे लागले. सातही जण ताडकन उठून उभे राहिले. आणि तेव्हा, पूर्वेला जरा उजाडत होतं त्या उजेडात, दिसलं की एकूण एक पापड्या कागदावरून मंडळींच्या पाठींवर गेल्या होत्या. शिंत्र्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत कशा ओळीनं! कर्णिकांच्या एक टकलाला होती.

वेणूबाईनं पातेलं खाली ठेवलं. किंकाळी संपली, आता तिचा पारा चढला होता. ती श्यामरावांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हलू नगा साहेब. उचटून घ्येते."

सेवाज्येष्ठतेनं अधीक्षक झालेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि बार्शीची बाई त्याच्या सदऱ्यावरून पापड्या सोलत होती. खालून आलेल्या बायका हसत होत्या, उत्तरेश्वर बनियनवर व्हिडिओ काढत होता, आणि ज्यांना उभ्यानं आडव्यानं हसू आलं नव्हतं ते पाचही जण आता एकमेकांच्या पाठी बघून, भिंतीला धरून हसत होते. कर्णिक तेवढे हसत नव्हते, ते टाळू चाचपत होते. श्यामरावांना कुठे तोंड लपवावं कळेना. हास्यक्लब यशस्वी झाला होता, पण संस्थापकाला त्यातलं काही मिळालं नव्हतं.

निवाडा जिन्यातच झाला. "पैकं नगंत मला," वेणूबाई म्हणाली. "साहेबांनी माज्यासंगं पापड्या घालू लागायच्या, आन् वाळूस्तवर राखण करायची. कावळं लई हायती."

श्यामरावांनी बायकोकडे आशेनं पाहिलं. वासंतीबाई आत जाऊन त्यांची टोपी आणि काठी घेऊन आल्या. "घरातही पंख्याखाली बसून उसासेच सोडतात," त्या म्हणाल्या. "ठेवून घ्या. आमच्या कुरडयांकडे पण बघतील."

आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्याला ओला पंचा, खिशात उन्हासाठी कांदा आणि हातात काठी, असे श्यामराव राखणीला बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कावळ्यांच्या येण्याच्या दिशेचा अभ्यास केला. मग त्यांच्या लक्षात आलं की इथून टेकडी दिसते. सकाळी तिच्यावरून वारा येतो. पापड्या उलटायला बायका येतात आणि कुणाच्या सुनेनं काय म्हटलं ते अगदी मोकळेपणानं बोलतात, कारण काठीवाला माणूस त्यांच्या हिशेबी माणसात नसतो. कोण कुणाशी बोलत नाही आणि का, हे इतक्या वर्षांत बाकावर त्यांना कधी कळलं नव्हतं, ते चार दिवसांत कळलं. साबुदाणा कितपत शिजवायचा, यावर ते मत देऊ लागले. वेणूबाई त्यांना "आवो राखणदार" म्हणू लागली आणि त्यांना ते चक्क आवडू लागलं. पाच जिने दिवसातून चार वेळा होत होते. रात्री झोप लागत होती. म्हणजे आनंद मिळाला होता, अगदी गच्चीवर सापडला होता.

पण राखणदार म्हटला की त्याचा वाटा आला. अर्धवट वाळलेली पापडी कधी खाल्ली आहे तुम्ही? कडेला कुरकुरीत, मधे मऊ, चिवट, खारट. लहानपणी नारायण पेठेतल्या गच्चीवर श्यामराव यापायी मार खात असत. आता घरी अळणी आमटी आणि अळणी भाजी. अशा माणसासमोर दिवसभर पापड्या पसरून ठेवायच्या म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं ठेवण्यासारखंच झालं. पहिली त्यांनी वाळली का ते पाहण्यासाठी खाल्ली. दुसरी पहिलीची खात्री करण्यासाठी. मग उडदाच्या पापडाच्या लाट्या आल्या. तेलात बुडवलेली पिठाची ती गोळी जिभेवर ठेवल्यावर श्यामरावांनी डोळेच मिटले.

मनात शंका आली नाही असं नाही. पण ते अधीक्षक होते, आदेश वाचता येत होता. डॉक्टरांनी बंद केलं होतं ते पापड, लोणचं, वेफर्स आणि फरसाण. ओल्या पापडीचा उल्लेख नव्हता. लाटीचा तर नाहीच नाही. लाटी लाटल्याशिवाय आणि वाळल्याशिवाय तिला पापड म्हणता येत नाही. जे नियमात लिहिलेलं नाही त्याला मनाई नाही, या तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी गेली होती.

घरी वासंतीबाई चकित झाल्या. अळणी आमटी माणूस भुरके मारत पितोय! "बघा, मनावर घेतलं की जमतं," त्या शेजारणींना सांगू लागल्या.

गच्चीवर मात्र वाळवण कमी भरू लागलं. आळ अर्थातच कावळ्यांवर आला. शिंत्र्यांनी तर कावळ्यांना कुणी खायला घालू नये असं परिपत्रक काढलं. वेणूबाईनं रिकाम्या कागदाकडे बघत मान हलवली.

"ह्यो कावळा लई शिकलेला दिसतुया. येक पापडी कुरतडंल तर शपथ. अख्खी उचलतुया. आन् वर राहिलेल्या सारक्या करून ठेवतुया, मधी जागा दिसू नये म्हून."

"हुशार पक्षी आहे तो," श्यामराव टाकीकडे बघत म्हणाले.

"व्हय. टोपी घालाया लागला मंजी झालं."

तीन आठवडे झाले. वाळवण डब्यांत गेलं आणि गच्ची मोकळी झाली. श्यामराव छाती पुढे काढून दवाखान्यात गेले. अंगात हुशारी होती, चेहरा उन्हानं रापला होता. बीपी तपासून परत आल्यावर बाकावर कसं सहज, विषय निघाल्यासारखं बोलायचं, ते त्यांनी वाटेत ठरवूनही टाकलं होतं. भाग्यश्रीनं पट्टा बांधला, फुगवला, सोडला. कपाळाला आठी घातली. पुन्हा फुगवला.

"काका, हे तर आधीपेक्षा वर गेलंय. चालणं नाही का?"

"पाच जिने! रोज!" वासंतीबाई म्हणाल्या. "मीठही नाही घरात. आणि आनंदी तर इतके, की मलाच काळजी वाटायला लागली होती."

"मग बाहेर काही खाता का?"

श्यामरावांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत कबुली दिली. "बाहेर नाही. गच्चीवर. थोडी ओली पापडी. लाट्या. गव्हाच्या कुरडयांचा चीक."

"पापड बंद म्हटलं होतं मी!"

"पापड खाल्लेला नाही. वाळल्याशिवाय त्याला पापड म्हणत नाहीत."

भाग्यश्रीनं स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून ती हसली, खांदे हलेपर्यंत हसली. तिला कुणीही म्यूटवर हस म्हटलं नव्हतं. वासंतीबाई हसल्या नाहीत. त्या फक्त इतकंच म्हणाल्या, "आणि मी मेली कावळ्यांना शिव्या घालत होते."

गोळी आली. गुलाबी, तिळाएवढी. पाकिटावर लिहिलेलं, सकाळी नाश्त्यानंतर.

त्या रात्री श्यामराव जेवले नीट, पण लवकर आडवे झाले. निरोप समारंभाच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी येताना झालं होतं तसं काहीसं त्यांना झालं होतं. आता बाकावर आपलं असं सांगण्यासारखं काय राहिलं, या विचारानं त्यांना फार वाईट वाटलं.

सकाळी फिरून येताना त्यांनी मान खाली घालून फाटकातून आत सटकायचं ठरवलं होतं, पण कर्णिकांनी पकडलंच.

"काय मेहेंदळे, आज 'एक गोळी नाही' नाही वाटतं?"

श्यामराव थांबले. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण बाल्कनीतली हाक लपवणार कशी?

"एक आहे," ते म्हणाले. "कालच लिहून दिलीय."

बाकावर शांतता पसरली. आता हशा उसळणार म्हणून श्यामरावांनी मान आत ओढून घेतली. आणि मग शिंत्रे सरकले. कर्णिक सरकले. बाकाच्या बरोब्बर मधोमध जागा झाली.

"बसा, बसा! बीपीची का? कुठली?"

"गुलाबी. लहान. सकाळी नाश्त्यानंतर."

"अहो, मग पाय सुजतात का ते बघत राहा. माझे सुजले होते."

"सकाळी कशाला घेताय? रात्री घ्या. मी रात्रीच घेतो."

"त्याचं ऐकू नका, तो एकदा बायकोच्या गुडघ्याची गोळी घेऊन आला होता फिरायला!"

"पण गुडघा राहिला ना त्या दिवशी!"

श्यामराव प्रश्न विचारू लागले. विसरली तर काय? प्रवासात काय? सात जण सात उत्तरं देत होते आणि त्यांना प्रत्येक उत्तर महत्त्वाचं वाटत होतं. बोलता बोलता पापड्यांचा विषय निघाला. श्यामरावांनी लाट्यांचं सगळं खरं सांगून टाकलं, वाळल्याशिवाय पापड नाही या तत्त्वासकट. शिंत्रे म्हणाले, "म्हणजे ते कावळ्यांचं परिपत्रक तुमच्यावर होतं!" कर्णिक म्हणाले, "माझ्या टकलावरची सुटेना, ती घरी गेली. हिनं वाळवून तळली. आणि बरी लागली हो!" मग मात्र बाक जो हसायला लागला, त्याला कुणाची परवानगी नव्हती आणि आवाजाला धरबंद नव्हता. श्यामराव तर पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पाचव्या मजल्यावरची खिडकी उघडून उत्तरेश्वर ओरडला, "काका, म्यूट! म्यूट!" त्यावर आणखी हसले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वासंतीबाईंची हाक आली. सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी.

"अहो, नाश्ता झालाय, गोळी राहिलीय!"

श्यामराव सावकाश उठले. टोपी नीट केली. शर्टाची घडी सारखी केली. बाकाच्या कडेला शेजारच्या इमारतीतले एक नवीन गृहस्थ येऊन बसले होते, त्यांच्याकडे त्यांनी जरा दयेनं पाहिलं.

"तुम्हाला काय चालू आहे?"

"मला? छे. काही नाही."

"होईल, होईल," श्यामराव त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "धीर सोडू नका," आणि जिन्याकडे निघाले.